कंट्रोलरच्या घरातलं प्लास्टर

३ मे २०२५, शनिवार

पोराच्या लग्नाचा मंडपवाला आज येतो म्हणाला होता. आला नाही. फोन केला तर म्हणतो, आजी वारली. मी विचारलं, आईची आई की बापाची आई? तर अडखळला. उभा जन्म एसटीत गेला माझा, त्यातली निम्मी नोकरी वाहतूक नियंत्रक म्हणून. दिवाळीच्या जादा गाड्या सुटायच्या आठवड्यात आमच्या डेपोतल्या लोकांच्या आज्या पटापट वारायच्या. एका चालकाची तर एकच आजी तीनदा वारली. माणूस केबिनच्या दारातून आत येताना पाय कसा टाकतो, एवढ्यावरून मी ताप खरा की दांडी ते सांगायचो. गावात अजूनही मला कोणी नावाने हाक मारत नाही. कंट्रोलरच म्हणतात.

संध्याकाळी पारावर बिभीषण भेटला. गावचा पोलीस पाटील. त्याचा अंगद आणि आमचा करण एकाच वर्षी फौजेत भरती झाले, दोघेही सध्या सुट्टीवर. काश्मिरात पर्यटकांना मारल्यापासून जो तो लढाईचं बोलतोय, सुट्टीवरच्या पोरांना कधीही बोलावणं येईल असं चाललंय. आणि नेमकी आत्ताच अंगदची रजा वाढून आली. कारण काय, तर त्याच्या आईचं, राहीबाईचं, हृदयाचं ऑपरेशन. बिभीषण सांगत होता, "सैनिक कार्यालयात गेल्तो, डॉक्टरचे कागद दावले. नियमात बसतंय म्हनले."

मी म्हणालो, "नियमात बसायला काय लागतंय पाटील? आमच्या डेपोत दिवाळीच्या तोंडावर अशी ऑपरेशनं लई व्हायची."

सगळा पार हसला. बिभीषण तेवढा हसला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला. घरी येऊन बायकोला, मनकर्णेला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "राहीबाईला बगून आले मी. निस्ती हाडं राह्यलीत." बाईमाणसाला कळवळा लवकर येतो.

६ मे, मंगळवार

काल लग्न पार पडलं. जेवणं चांगली झाली, फक्त मठ्ठा पातळ होता. सून पंकजा श्रीगोंद्याची, औषधांच्या दुकानात काम केलेली, शिकलेली. सरळ डोळ्यांत बघून बोलते. होईल सवय.

वरातीत डीजे होता. करणच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो नको नको म्हणत होता, पण नवरदेवाचं कोण ऐकतं? खालच्या एकाचा पाय वायरीत अडकला आणि नवरदेव धाडकन खाली, उजवा पाय अंगाखाली दुमडलेला. पण पोरगं उठलं, कपडे झटकले, हसलं. आज मात्र लंगडतोय. पूजेला मांडी घालता येईना, पाय लांब करून बसला. मनकर्णेने आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लावलं. बायका चेष्टा करत होत्या, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नवरा लंगडा केला म्हणून. पंकजा काही हसली नाही. ती घोटा दाबून बघत होती.

७ मे, बुधवार

सकाळी टीव्ही लावला आणि अंगावर काटा आला. आपल्या लोकांनी रात्रीतून त्यांचे अड्डे उडवले. पारावर पेढे वाटले. मला चार जणांनी विचारलं, करण कधी निघणार? माझा मुलगा तोफखान्यात आहे हे आज पहिल्यांदा पाहुण्यारावळ्यांनाही नीट कळलं.

करण पाय उशीवर ठेवून टीव्ही बघत होता. मी म्हणालो, "बोलावनं येईल बरं का." तो म्हणाला, "येईल." तोंड कसंनुसं केलेलं. का कोण जाणे, मला रजेचा अर्ज घेऊन दारात उभे राहणारे ते चेहरे आठवले. लगेच मनातून काढून टाकले. आमच्या रक्तात ते नाही.

८ मे, गुरुवार

सकाळी करणला युनिटचा फोन आला. सुट्ट्या रद्द, ताबडतोब हजर व्हा. मी तसाच सरपंचांकडे गेलो. उद्या मिरवणूक, उघडी जीप, बँड, वेशीवर फ्लेक्स. फ्लेक्सवरचा मजकूर मीच सांगितला: "अंगाची हळद उतरण्याआधी सीमेवर." पारावर बिभीषण बसला होताच. त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "आमच्याकडं रजा वाढवायची पद्धत न्हाई."

घरी आलो तर पोरगं घरात नाही. पंकजा त्याला घेऊन नगरला गेलेली. दुपार कलल्यावर आले, आणि करणच्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

मी विचारलं, दवाखाना कुठला? तेव्हा कळलं, हाडाच्या त्या दवाखान्यात पंकजाचा मावसभाऊ प्लास्टर घालायच्या कामावर आहे. मग मला आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

पंकजा म्हणाली, "मामा, घोट्याच्या हाडाला चीर आहे. एक्स-रेच्या फोटोत दिसते. उद्या आपण नगरलाच मिलिटरीच्या दवाखान्यात यांना हजर करू. ते तपासतील आणि तेच युनिटला कळवतील. सुट्टीत दुखापत झाली तर असंच करायचं असतं, हा नियम आहे. हाड जुळलं की हे जातीलच. फक्त आत्ता पाय टेकवायचा नाही."

नियम. हा शब्द माझ्यापुढे बोलायचा? नियमाबाहेरची दांडी मारणारा परवडला, त्याला पकडता येतं, चार्जशीट देता येतं. नियमात बसवून दांडी मारणाऱ्यापुढे कंट्रोलरने सही करायची आणि गाडी कोण नेणार म्हणून कपाळाला हात लावायचा. तिने तो फोटो ट्यूबलाईटसमोर धरून दाखवला. मला हाड अख्खंच दिसलं. केसाएवढी एक रेघ होती, ती ओरखड्याचीही असू शकते. करणला विचारलं, "तुझं काय म्हननं?" तो म्हणाला, "लई दुखतंय आबा." बायकोसमोर विचारल्यावर दुसरं काय बोलणार?

जेवलो नाही. तिकडे वेशीवर फ्लेक्स लागला होता.

९ मे, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी पंकजाला मनकर्णेने बायकांबरोबर देवीला पाठवलं. मी करणजवळ बसलो. खूप शांतपणे बोललो, आवाज चढवला नाही. म्हणालो, "तुझा बाप पारावर काय बोलून बसलाय ते तुला ठावं हाय. आज हे प्लास्टर दिसलं तर बिभीषण दारात येऊन हसंल."

करण म्हणाला, "मला जायचंच हाय आबा. आधी नगरच्या मिलिटरी दवाखान्यात जाऊ. ते जा म्हनले तर असाच जातो."

"प्लास्टर बगून कुनी जा म्हनतं का?"

त्याने पाय माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "काढा मग. तुमीच काढा."

त्यानेच सांगितलं, हे इथे मुद्दाम लिहितो. मी कोमट पाण्याने प्लास्टर भिजवलं आणि लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडने वरपासून खालपर्यंत कापलं. हात स्थिर होता माझा, कुठे खरचटलंसुद्धा नाही. मनकर्णा दारात येऊन "आवो, काय करताय हे" म्हणत राहिली, तिला आत पाठवलं. पाय निळा पडला होता आणि टम्म सुजला होता. आवळून बांधल्यावर सूज येणारच. बूट जाईना. शेवटी नाडी पूर्ण सोडून दाबून बसवला. करणने तोंडात टॉवेल धरला होता. मी त्याला म्हणालोसुद्धा, "बग, वरडला न्हाईस. खरं मोडलं असतं तर वरडला असतास."

तो माझ्याकडे बघत राहिला.

मिरवणूक अशी झाली की तालुक्यात कोणाची झाली नसेल. जीपमध्ये करण उभा, एका हाताने दांडा धरलेला. ऊन फार होतं, त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या. पंकजा देवीहून आली ती जीपपुढेच उभी राहिली. तिची नजर त्याच्या बुटावर होती. मग एकदम रडायला लागली तशी बायकांनी तिला बाजूला घेतलं. नव्या नवरीचे अश्रू बघून बँडवालेही गहिवरले.

बिभीषण हार घेऊन आला होता. हार घालून खाली वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "कंट्रोलर, पोराचा पाय टेकंना. मागं घ्या त्याला. कुनी काय म्हनत न्हाई." कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मी बँडवाल्याला हात केला, वाजव म्हणून.

नगर स्टेशनवर गाडीला तोबा गर्दी. सगळे फौजीच. करणला आत ढकलून दिला.

१० मे, शनिवार

संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, लढाई थांबली.

लगेच करणला फोन लावला. गाडी भोपाळच्या पुढे गेली होती. म्हणाला, "दारापाशी हाय. एका पायावर उभा राहतोय, बसायला जागा न्हाई." मी त्याला बातमी सांगितली. तो म्हणाला, "व्हय, डब्यात कळलं." मागून कुणीतरी बाजूला सरक म्हणून ओरडलं. "ठेवतो आबा."

नशीबवान पोरगं. गेल्याचं नाव झालं आणि गोळीही झेलावी लागली नाही. मी हे मनकर्णेला म्हणालो, तर ती चुलीपुढून उठून बाहेर गेली. पंकजा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. नव्या सुनेने इतका ताठा ठेवू नये.

१५ मे, गुरुवार

करण मिलिटरी इस्पितळात आहे. स्टेशनवर उतरताना पडला, तिथून स्ट्रेचरवरच नेला. पंकजाने मला सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता, वर न बघता. "मामा, त्या दिवशी चीर होती. आता हाड तुटून सरकलंय."

म्हणजे रेल्वेच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला असणार. रेल्वेची गर्दी काय कोणाच्या हातात असते? मी तिला समजावून सांगितलं. तिने तांदूळ उचलले आणि आत गेली.

११ जून, बुधवार

करणच्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळणं विसरा. मनकर्णा दिवसभर देवापुढे बसून होती. मलाही वाईट वाटलं. का नाही वाटणार, बाप आहे मी. शाळेच्या मैदानावर भरतीसाठी पळायचा तेव्हा मी सायकलवर मागे असायचो. दम लागला की वळून माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा पळायचा.

अंगद परत ड्युटीवर गेला. राहीबाई ऑपरेशन होऊन घरी आली आहे, काठी घेऊन अंगणात चालते. बिभीषणाचं सगळं कसं वेळच्या वेळी आणि नियमात होतं.

२ जुलै, बुधवार

आज करणचा फोन आला, आणि मलाच द्यायला सांगितला. एरवी तो बायकोशी बोलतो, आईशी बोलतो.

त्याची चौकशी लागली आहे. पडणं समजू शकतो, साहेब म्हणतात, सुट्टीत कोणीही पडतो. पण नगरच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं होतं, ते हजर होताना पायावर नव्हतं. मग कोणी काढलं? लढाईवर जायला लागू नये म्हणून जवानाने स्वतःच पाय बिघडवून घेतला, असा त्यांना संशय आहे. फौजेत तो मोठा गुन्हा.

मला हसूच आलं. लढाईवर जायचं म्हणून काढलेलं प्लास्टर लढाई टाळायला काढलं म्हणतात.

करण म्हणाला, "हसू नका आबा. नोकरी जाईल, आनि वर कामचुकार म्हनून शिक्का बसंल. तुमी फकस्त जे झालं ते सांगा. नगरच्या छावणीत एक साहेब तुमचं म्हननं ऐकून घेनार हायती."

"सांगतो की. त्यात काय सांगायचं?"

"सोमवारी जा. आनि वळख पटवायला गावचा पोलीस पाटील बरोबर लागतोय."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. बिभीषण शेजारी बसणार आणि मी साहेबापुढे सांगणार, की पोराचा पाय खरंच मोडला होता आणि प्लास्टर मी कापलं. संध्याकाळपर्यंत पारावर.

७ जुलै, सोमवार

सकाळी बिभीषण स्वतःची जीप घेऊन दारात हजर. इस्त्रीचे कपडे घालून आला होता. एवढी हौस. मी चप्पल घालायला वाकलो आणि चक्कर आली. भिंत धरून खाली बसलो. बिभीषणाने पाणी दिलं, म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पुढची तारीख घेतो मागून."

डॉक्टरने बीपी बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. मशीनचं काय खरं असतं?

१४ जुलै, सोमवार

आज दुसरी तारीख होती. पहाटेपासून छातीत डाव्या बाजूला कळ. हे इथे लिहून ठेवतो, खरंच दुखत होतं. माझ्या वहीत खोटं लिहून मला काय मिळणार आहे?

बिभीषण आला. खाटेच्या कडेला बसला. म्हणाला, "कंट्रोलर, मी गावात कुनाला बोलनार न्हाई. राहीची शपथ. पोरासाठी चला." म्हणजे याला आधीच सगळं माहीत आहे. त्याचं ते गोड बोलणं ऐकून कळ आणखी वाढली.

मनकर्णा म्हणाली, "मी जाते. मी बगितलंय समदं."

"तुला साहेबापुढं बोलता येनार हाय का? आनि बापानं पोराचा पाय मोडला म्हनून सांगशील?"

"मग काय सांगू?" ती म्हणाली.

मी कूस बदलली. नंतर तहान लागली म्हणून उठून माठापर्यंत गेलो. पंकजा दारात उभी होती. ती माझ्या पायांकडे बघत होती, कसे पडतात ते. म्हणाली, "मामा, शुक्रवारी ते शेवटचं विचारणार आहेत. माझं ऐकत नाहीत, बायको आहे म्हणतात. आणि प्लास्टर घालून आणलं तेही मीच. तुम्हीच सांगायला पाहिजे."

मी म्हणालो, "जीव राह्यला तर जाईन." तिने माठावर झाकण ठेवलं आणि गेली.

१८ जुलै, शुक्रवार

ताप वाटतोय. थर्मामीटरमध्ये येत नाही, अंगात मुरलेला आहे. पडून आहे. मनकर्णेला सांगून ठेवलं, बिभीषण आला तर झोपलोय म्हण. तो आलाच नाही.

१९ जुलै, शनिवार

करणचा फोन आला. मनकर्णेने मोबाईल माझ्या कानाला लावला.

"आबा, काल विचारलं त्यांनी. मी सांगितलं, प्लास्टर मीच काढलं."

मी पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"तुमी पडून ऱ्हावा आता," तो म्हणाला. मग आईला द्या म्हणाला. मनकर्णेने विचारलं, "आता रं काय?" पलीकडून काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिने मोबाईल पदरात धरला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "घरी पाठवत्यात त्याला. शिक्का मारून."

पंकजाने दुपारी बॅग भरली. त्याला आणायला निघाली आहे, आणि तिथून ते दोघं श्रीगोंद्याला जाणार, इकडे यायचं नाही असं तिने मनकर्णेला सांगितलं. मनकर्णेच्या पाया पडली. माझ्या पडायचं घाईत राहून गेलं असेल. एसटी स्टँडपर्यंत तिला बिभीषणाने सोडलं.

नोकरीचं वाईट झालं. पण पोराला बापाची अब्रू कळते, हे काही थोडं नाही. पाय जरा बरा झाला की साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून चिकटवू, माझ्या ओळखी आहेत. मनकर्णा ताट वाढून गेली. सकाळपासून चक्कर नाही, कळ नाही, अंगही गार लागतंय. बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी गेल्या.

संध्याकाळी पारावर जाऊन आलो. मी पोचलो तसा बिभीषण उठला. मग बाकीचेही एकेक करून कामाला गेले. मला ऐसपैस बसता आलं.